खोलीसकट गाणं : प्रकल्प नोंदी

७ जून २०२५, शनिवार

वाचनालयाच्या कार्यकारिणीने आज होकार दिला. एक आड एक शनिवार, संध्याकाळी साडेपाच, वरचा हॉल, एकूण चार बैठकी. पहिली २८ जूनला. विषय : पाश्चात्त्य रॉक बँड आणि ज्या एका गाण्यावरून तो बँड ओळखला जातो ते गाणं.

अध्यक्षांनी एकच शंका काढली. "मॅडम, आपल्या मिरजेत येणारे सगळे ख्याल ऐकणारे. इंग्रजी शब्द कळले नाहीत तर दोन तास बसतील का?" मी म्हटलं, तराण्याचे शब्द तरी कुणाला कळतात? मग त्यांनी सही केली.

ओंकारशी यादीवरून तासभर वाद झाला. ओंकार माझा भाचा, वय २१, ड्रम वाजवतो, या कामात माझा जोडीदार. त्याच्या यादीत अठरा बँड होते. शेवटी नियम ठरला : गाणं आपल्या आवडीचं नको. पहिले चार सेकंद वाजले की बँडचं नाव तोंडावर येतं, तेच घ्यायचं. या नियमाने माझी दोन लाडकी गाणी गेली, त्याची सहा.

दुसरा नियम माझा. बावीस वर्षं मी लोकांचे आवाज रेकॉर्ड करते आहे आणि माझं ठाम मत आहे की गाण्याची ओळख जितकी चालीत असते तितकीच ते जिथे वाजलं त्या जागेत असते. जिना, हॉटेलचा बोळ, शेतावरची इमारत. गाणं खोलीसकट टेपवर उतरतं. म्हणून दर बैठकीत आधी खोली सांगायची, मग गाणं वाजवायचं, आणि जमेल तिथे तसं काहीतरी मिरजेत करून ऐकवायचं.

११ जून, बुधवार

डीप पर्पलपासून सुरुवात. ‘स्मोक ऑन द वॉटर’. गिटार हातात आलेलं प्रत्येक पोर पहिल्या आठवड्यात हेच वाजवतं, त्यामुळे गाणं ऐकून ऐकून गुळगुळीत झालं आहे. पण त्यामागची हकिकत पुन्हा वाचताना अंगावर काटा आला.

डिसेंबर १९७१. स्वित्झर्लंडमधलं माँत्रो, जिनिव्हा सरोवराच्या काठावर. बँडला स्टुडिओतला कोंडलेला आवाज नको होता, रंगमंचावर वाजवल्यासारखा हवा होता. म्हणून हिवाळ्यासाठी बंद होणारा तिथला कॅसिनो त्यांनी धरला आणि रोलिंग स्टोन्सच्या मालकीची फिरती रेकॉर्डिंग गाडी भाड्याने आणली. त्याआधी ४ डिसेंबरला कॅसिनोत फ्रँक झॅपाच्या बँडचा कार्यक्रम होता. प्रेक्षकांतल्या कुणीतरी छताकडे फ्लेअर गन (इशाऱ्याची पेटती ज्योत उडवणारं पिस्तूल) झाडली, छताने पेट घेतला आणि अख्खा कॅसिनो जळून गेला. माँत्रोचा जॅझ महोत्सव चालवणारे क्लोद नोब्स आत जाऊन पोरांना बाहेर काढत होते. धूर सरोवराच्या पाण्यावर पसरला. बँडने तो पाहिला, आणि काही दिवसांनी बास वाजवणाऱ्या रॉजर ग्लोव्हरला झोपेतून जाग येताना हे चार शब्द सुचले.

माझ्या कामाचं आहे ते याच्या पुढचं. नोब्सनी त्यांना पॅव्हिलियन नावाचं थिएटर मिळवून दिलं. तिथे रात्री या चालीचा पाया रेकॉर्ड होत असताना शेजारपाजार जागा झाला, पोलीस दारात आले. बँडच्या माणसांनी आतून दारं धरून ठेवली आणि टेक, म्हणजे ती एक सलग रेकॉर्डिंगची खेप, पुरा होऊ दिला. तिथून मग बाहेर पडावं लागलं. पुढचा मुक्काम हिवाळ्यासाठी बंद असलेलं ग्रँड हॉटेल. बोळात गाद्या उभ्या करून तात्पुरता स्टुडिओ बांधला. टेक ऐकायला गाडीपर्यंत जायचं तर खोल्या आणि गॅलऱ्या ओलांडून इतका फेरा पडायचा की त्यांनी मधे जाऊन ऐकणंच सोडून दिलं. वाजवताना बरं वाटलं की पुढचं गाणं. हे ओंकारला मुद्दाम दोनदा वाचून दाखवलं. तो दर दोन ओळींनी थांबून स्वतःचंच ऐकत बसतो.

हे गाणं असलेला अल्बम ‘मशीन हेड’ मार्च १९७२ मध्ये आला. बँडची भिस्त ‘नेव्हर बिफोर’ या दुसऱ्याच गाण्यावर होती, सिंगल म्हणून, म्हणजे सुटी तबकडी म्हणून, आधी तेच काढलं. ‘स्मोक’ अमेरिकेत सिंगल म्हणून १९७३ मध्ये निघालं आणि चौथ्या क्रमांकापर्यंत चढलं.

१४ जून, शनिवार

सतारमेकर गल्लीत तंबोरे बनवणाऱ्या चाचांकडे गेले. त्यांच्याकडून बैठकीसाठी एक तंबोरा उसना घ्यायचा होता. मोबाइलवर ‘स्मोक’ची सुरुवात ऐकवली, नुसती गिटार. त्यांच्या हातात तंबोऱ्याची घोडी होती आणि ते ती कानशीने घासत होते. हात थांबला. "ताई, परत लावा." परत लावलं. तिसऱ्यांदा त्यांनी बाजूचा तंबोरा ओढला, खुंटी पिळून स्वर थोडा उतरवला आणि पंचमाची व जोडाची तार दोन बोटांनी एकदम छेडली. "हेच वाजवतोय तो."

मी तिथेच बसून स्वर लिहिले. षड्ज पांढरी पाच (हार्मोनियमवरची सप्तकातली पाचवी पांढरी पट्टी) धरला तर चाल अशी : सा, कोमल ग, म. सा, कोमल ग, तीव्र म, शुद्ध म. सा, कोमल ग, म, ग, सा. एवढंच. पण डीप पर्पलचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर एकेरी स्वर वाजवत नाही, प्रत्येक स्वराच्या खाली चौथा स्वर जोडून वाजवतो. म्हणजे पहिल्या ठोक्याला वर षड्ज आणि खाली मंद्र पंचम. पंचमात मिळवलेल्या तंबोऱ्याच्या पहिल्या दोन तारा! शिवाय तो इथे तारा छेडायची प्लास्टिकची पट्टी वापरत नाही, दोन तारा बोटांनी एकदम उचलतो, म्हणून दोन्ही स्वर एका क्षणी सुटतात.

इतकी वर्षं हे गाणं ऐकते आहे आणि हे मला कधी दिसलं नव्हतं. चाचांना ते तीन खेपांत ऐकू आलं, कारण त्यांचा कान शब्दांकडे गेलाच नाही. पहिल्या बैठकीची सुरुवात ठरली. आधी तंबोरा, मग गिटार. मधे कुणी बोलायचं नाही.

१९ जून, गुरुवार

चाचांकडे पुन्हा. या वेळी जवारी, म्हणजे तंबोऱ्याच्या तारेचा नाद खुलवणं. त्यांनी घोडीवरच्या तारेखालचा सुती दोरा बोटाच्या टोकाने काढून टाकला, तार छेडली : आवाज बंद, लाकडासारखा. दोरा परत सरकवला, केसभर पुढे, केसभर मागे, आणि एका जागी आवाज उघडला. खर्जाच्या तारेतून गांधार आपसूक ऐकू यायला लागला. हा सगळा प्रकार मोबाइलवर जवळून टिपला. हॉलच्या पडद्यावर दाखवणार.

हे रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिसफॅक्शन’साठी. किथ रिचर्ड्सला चाल झोपेत सुचली, उशाशी असलेल्या कॅसेट रेकॉर्डरवर त्याने ती वाजवून ठेवली आणि पुढची टेप त्याच्या घोरण्याने भरली. १२ मे १९६५ ला हॉलिवूडच्या आरसीए स्टुडिओत रेकॉर्डिंग झालं तेव्हा त्याने गिटार मॅस्ट्रो कंपनीच्या फझ पेटीतून काढली. पेटी काय करते? लहरीचा माथा सपाट कापते. माथा कापला की मूळ स्वरात नसलेले वरचे स्वर उगवतात आणि आवाजाला खरखर येते. रिचर्ड्सच्या डोक्यात ती ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या जागी तात्पुरती केलेली खूण होती. बाकीच्यांनी मात्र आहे तसंच ठेवू म्हणून सांगितलं आणि जुलैत गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. घोडी आणि पेटी, कारणं वेगवेगळी. पण कानाला मिळतं ते एकच, उघडलेला आवाज.

२८ जून, शनिवार

पहिली बैठक. ३४ माणसं, बाहेर धो धो पाऊस, हॉलवर पत्रा. पावसाचं मी धरून चालले होते. भाड्याने आणलेला अँप्लिफायर घरघर करेल हे धरलं नव्हतं. लॅपटॉप एका भिंतीतल्या प्लगवर, अँप दुसऱ्या भिंतीतल्या, दोघांचं अर्थिंग वेगळं. सगळं एका बोर्डावर आणायला दहा मिनिटं गेली.

त्या दहा मिनिटांत एक गोष्ट घडली. पहिल्या रांगेत गाण्याच्या शिक्षिका बसल्या होत्या. वय ८१, गावात सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणतात. त्या म्हणाल्या, "अगं, ही घरघर पांढरी पाचच्या किंचित वर आहे. तुझा तंबोरा पांढरी पाचमध्ये आहे ना? म्हणून कानाला टोचतंय." घरी येऊन गणित केलं. आपली वीज ५० हर्ट्झची. पियानोवरचा सगळ्यात खालचा पांढरी पाच सुमारे ४९ हर्ट्झ. म्हणजे बाईंचा कान एका हर्ट्झचा फरक सांगत होता. आणि डीप पर्पलच्या चालीचा षड्जही पांढरी पाचच.

तंबोरा आणि मग गिटार हा क्रम लागू पडला. गिटार सुरू झाली तेव्हा मागच्या रांगेतून "वा" आली, बैठकीत येते तशीच. ऑर्गन शिरताना मी टेप थांबवून सांगितलं की जॉन लॉर्डने हॅमंड ऑर्गन त्याच्या नेहमीच्या स्पीकरऐवजी गिटारच्या मार्शल अँपमधून काढला आहे, म्हणून तो गिटारसारखा गुरगुरतो. थांबवायला नको होतं. पुढच्या वेळी गाणं पूर्ण वाजू द्यायचं, बोलणं आधी किंवा नंतर.

३ जुलै, गुरुवार

जिन्याची चाचणी. लेड झेपेलिनचं ओळखीचं गाणं निर्विवाद ‘स्टेअरवे टू हेवन’, आठ मिनिटांचं, अमेरिकेत सिंगल म्हणून कधी न काढलेलं. त्याचं मुख्य रेकॉर्डिंग लंडनच्या आयलंड स्टुडिओत झालं. पण १९७१ च्या त्याच अल्बममध्ये शेवटी ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ आहे आणि त्याचे ड्रम खऱ्याखुऱ्या जिन्यात वाजले आहेत. हॅम्पशरमधलं हेडली ग्रेंज, १७९५ मध्ये गरिबांसाठी बांधलेलं आश्रयघर. ड्रमर जॉन बॉनमचे ड्रम खाली, जिन्याच्या पायथ्याच्या प्रवेश-दालनात ठेवले, रेकॉर्डिंग इंजिनिअर अँडी जॉन्सने दोन माइक वर जिन्यातून खाली सोडले. बस. ड्रमला चिकटवलेले माइक नाहीत. नियम मोडून हे गाणं बैठकीत घेतलं आहे. ओंकारसाठी नाही, जिन्यासाठी.

आमच्याकडे जुन्या पेठेतल्या तीन मजली इमारतीचा दगडी जिना आहे. घरमालकांनी सकाळी सहा ते साडेसहा एवढीच वेळ दिली. ओंकारने खाली ड्रम मांडले, मी दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून सुताच्या दोरीने दोन माइक सोडले. ड्रमपासून माइक सुमारे सात मीटर. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे ठोका माइकपर्यंत पोचायला जवळपास २० मिलिसेकंद. त्यानंतर भिंती, पायऱ्या, छत यांच्यावरून येणारे ठोके एकात एक मिसळत येतात. हेडफोनमध्ये ऐकलं आणि क्षणभर काही बोलताच येईना. तेच ड्रम स्टुडिओत डब्यासारखे वाजायचे. इथे मोठ्या पातेल्यात भात शिजतो तसा आवाज आतून फुगत होता.

तिसऱ्या टेकला पाण्याची मोटर सुरू झाली. दोन टेक हाती आले, तेवढे पुरे.

ओंकार म्हणाला, "आत्या, मी नेहमीपेक्षा हळू वाजवत होतो, कळलं का तुला?" कळलं होतं. जिना उत्तर देतो, मग त्याचं उत्तर संपेपर्यंत थांबावं लागतं. बॉनमच्या ठोक्यातली ती जड, मागे रेललेली चाल कुठून आली असेल याचा अंदाज आज हाताला आला.

८ जुलै, मंगळवार

क्वीन. ‘बोहेमियन रॅप्सडी’. या गाण्यावर मी सगळ्यात जास्त वेळ देणार आहे आणि त्याबद्दल कुणाशी वाद घालायची तयारी आहे.

१९७५ चा उन्हाळा, वेल्समधला रॉकफील्ड स्टुडिओ. मनमथ गावाजवळची शेतवाडी, तिच्या इमारतींचा स्टुडिओ केलेला. काम तिथे सुरू झालं आणि पुढे आणखी चार स्टुडिओंत गेलं. निर्माता रॉय थॉमस बेकर, याच वर्षी एप्रिलमध्ये गेले. मधल्या ऑपेराच्या भागासाठी टेपवर सुरुवातीला अर्ध्या मिनिटाची कोरी जागा सोडली होती. गायक फ्रेडी मर्क्युरी रोज नवीन काहीतरी घेऊन यायचा आणि जागा वाढत जायची. फ्रेडी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर, गाणारे तिघेच. दिवसाला दहा-बारा तास, सुमारे तीन आठवडे. टेपला वेगवेगळे आवाज भरायचे पट्टे २४, आणि एकावर एक चढवलेले आवाज १८० पर्यंत गेल्याचं सांगतात. म्हणजे पट्टे भरले की ते एकत्र करून दुसऱ्या पट्ट्यावर उतरवायचे, मोकळ्या झालेल्या जागेत पुन्हा गायचं, पुन्हा उतरवायचं. टेप यंत्रातून इतक्या वेळा गेली की तिच्यावरचा तपकिरी थर झिजला आणि उजेडापुढे धरली तर पलीकडचं दिसायला लागलं.

हे ऐकून माहीत असणं वेगळं. म्हणून माळ्यावरचं जुनं चार पट्ट्यांचं कॅसेट मशीन काढलं. स्पिरिटने हेड पुसलं, कापसावर वीस वर्षांचा तपकिरी गाळ आला. मी आणि ओंकारने तीन पट्ट्यांवर एक ‘आ’कार भरला, तीन वेगळ्या स्वरांत, आणि तिन्ही मिळून चौथ्यावर उतरवले. पुढच्या प्रत्येक फेरीत दोनच नवे आवाज मावतात. पाचव्या फेरीअखेर अकरा आवाज झाले. मग पहिले तीन शोधायला लागले. होते, पण पडद्याआड गेल्यासारखे. त्यांच्या स्वरांची धार गेली होती आणि सगळ्यावर पावसासारखी सरसर पसरली होती. दर कॉपीला टेपची सरसर वाढते, पुसता येत नाही.

म्हणजे कोणता आवाज आधी भरायचा हे आधीच माहीत असावं लागतं. जो मागे गेलेला चालेल तो पहिला, जो पुढे हवा तो शेवटी. फ्रेडीच्या डोक्यात अख्खी इमारत आधीच उभी होती, पाया कुठे दबणार यासकट. अकरा आवाजांना आम्हाला पाच तास लागले. त्यानंतर ते मूळ गाणं लावलं आणि रॉजर टेलरचा सगळ्यात वरचा स्वर आला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

१२ जुलै, शनिवार

दुसरी बैठक, ५२ माणसं. खुर्च्या कमी पडल्या, सतरंजी घातली.

आधी आमची कॅसेट : पहिली फेरी, तिसरी, पाचवी. मग गाणं, सलग ५ मिनिटं ५५ सेकंद. कंपनीला ही लांबी रेडिओसाठी फार वाटत होती. कॅपिटल रेडिओवरच्या केनी एव्हरेटने शनिवार-रविवारात ते १४ वेळा वाजवलं आणि दुकानांत मागणी सुरू झाली. ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिला क्रमांक. २४ नोव्हेंबर १९९१ ला फ्रेडी गेल्यावर पुन्हा पाच आठवडे. कार्यक्रमात ऑपेराचा भाग बँड गात नसे. रंगमंचावर अंधार व्हायचा आणि टेप वाजायची. हे सांगितल्यावर एका काकांनी विचारलं, "मग ही फसवणूक नाही का?" मला तसं वाटत नाही. ते १८० आवाज त्या खोल्यांमध्येच जन्मले, बाहेर उभे राहू शकत नव्हते. बँडने ते उघडपणे मान्य केलं.

पाचगणीचं शेवटी सांगितलं. १९४६ मध्ये झांझिबारला जन्मलेला फारुख बलसारा आठव्या वर्षी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात आला, तिथे पियानो शिकला, तिथेच फ्रेडी झाला, शाळेतल्या हेक्टिक्स नावाच्या बँडमध्ये वाजवू लागला. पाचगणी म्हटल्यावर हॉल एकदम पुढे सरसावला. बाई म्हणाल्या, "तो वरचा स्वर लावणारा आणि हा, दोघांचे श्वास एका जागी संपतात. बरोबर राहून गायलेली माणसं आहेत ही." त्यांना इंग्रजीतला एक शब्द येत नाही.

१८ जुलै, शुक्रवार

पिंक फ्लॉइडचं ‘अनदर ब्रिक इन द वॉल’, दुसरा भाग, १९७९. मूळ गाणं एका कडव्याचं. निर्माता बॉब एझ्रिनने त्याच कडव्याची टेप कॉपी करून दुसरं कडवं केलं आणि त्यावर शाळकरी मुलं हवीत असं ठरवलं. बँड तेव्हा लॉस एंजेलिसला होता. लंडनमध्ये त्यांच्या ब्रिटानिया रो स्टुडिओच्या जवळच इस्लिंग्टन ग्रीन ही शाळा होती. संगीत शिक्षक अलन रेनशॉ यांनी २३ मुलं स्टुडिओत नेली, इंजिनिअर निक ग्रिफिथ्सने त्यांचे आवाज एकावर एक चढवून गर्दी उभी केली. मुलांना पैसे मिळाले नाहीत. शाळेला १००० पौंड मिळाले. गाणं ब्रिटनमध्ये पहिलं आलं, अमेरिकेतही. पुढे दक्षिण आफ्रिकेत शाळांवर बहिष्कार टाकणारी मुलं ते गाऊ लागली आणि १९८० मध्ये तिथे त्यावर बंदी आली. त्या २३ जणांच्या मानधनाचा विषय निघायला २००४ उजाडलं.

हे वाचल्यामुळे आमच्या आठ मुलांच्या बाबतीत आधीच ठरवलं : पालकांची सही, प्रत्येकाला मानधनाचं पाकीट, आणि हॉलबाहेरच्या फलकावर आठही नावं.

ओळ आमचीच : "घंटा झाली, सोडा ना!" आठ मुलं, बारा वेळा, म्हणजे ९६ आवाज. पहिल्या टेकमध्ये सगळी नीट, वर्गात शिक्षिकेपुढे म्हणतात तशी. मला ते नको होतं. पाचव्या-सहाव्या टेकला कंटाळली, पाय आपटायला लागली, एकाची ओळ अर्धा क्षण आधी, एकीची नंतर. तिथे आवाज खरा झाला. मोठ्या माणसांनी गाऊन हे येणार नाही, कितीही चढवा. नवव्या टेकला सगळ्यात लहान मुलगी, दुसरीतली, माइकच्या इतकी जवळ आली की तिचा श्वासही उतरला. तो टेक ठेवला आहे.

२३ जुलै, बुधवार

काल ब्लॅक सॅबथचा गायक ऑझी ऑस्बर्न गेला, ७६ वर्षांचा. याच महिन्याच्या ५ तारखेला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर, स्वतःच्या मोहल्ल्यात, सिंहासनावर बसून तो शेवटचं गायला होता. शेवटचं गाणं ‘पॅरॅनॉइड’. ओंकार रात्री दोनला फोन करून रडत होता. यादीत ब्लॅक सॅबथ नव्हतं. शनिवारी घ्यायचंच.

‘पॅरॅनॉइड’ १९७० मध्ये लंडनच्या रिजंट साउंड स्टुडिओत अल्बममधली रिकामी जागा भरायला केलेलं गाणं. बाकीचे जेवायला गेले असताना गिटार वाजवणाऱ्या टोनी आयोमीला चाल सापडली. अल्बमचं नाव आधी ‘वॉर पिग्ज’ ठरलेलं, ते बदलून या तीन मिनिटांच्याही आतल्या गाण्याचं दिलं.

आयोमीच्या बोटांची गोष्ट चाचांना सांगितली. पत्र्याच्या कारखान्यात कामाच्या शेवटच्या दिवशी यंत्राने त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं नेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्याने साबणाच्या प्लास्टिक बाटलीचा तुकडा वितळवून बोटांना टोपणं केली, त्यावर जुन्या जाकिटाचं चामडं लावलं, हलक्या तारा घातल्या आणि पुढे त्या ढिल्या करून खालच्या स्वरात लावल्या. तो जड, खालचा आवाज तिथून आला. चाचांनी स्वतःची बोटं पाहिली, तर्जनीवर तारेची खोल रेघ आहे. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चामडं कुठलं होतं?"

२६ जुलै, शनिवार

तिसरी बैठक. आधी ‘पॅरॅनॉइड’, सगळे उभे राहिले, मी सांगितलं नव्हतं. मग मुलांची ओळ, मग फ्लॉइड. आठही मुलं पहिल्या रांगेत. डेव्हिड गिलमरची गिटार इथे थेट रेकॉर्डिंगच्या टेबलात गेली आहे, म्हणून ती इतकी जवळ वाजते. हे गाणं संपल्यावर सांगितलं, मधे नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

शेवटची बैठक शनिवारी ९ ला होती, पण राखी पौर्णिमा आली. रविवारी १० ला ठेवली.

ईगल्सचं ‘हॉटेल कॅलिफोर्निया’. बँडमध्ये गिटार वाजवणाऱ्या डॉन फेल्डरने मालिबूतल्या भाड्याच्या घरात चार पट्ट्यांच्या मशीनवर चाल भरून ठेवली होती, कामापुरतं नाव ‘मेक्सिकन रेगे’. वर्षभराने मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत शेवटची गिटार भरायची वेळ आली तेव्हा गायक डॉन हेन्लीने हट्ट धरला की घरच्या टेपवर आहे तशीच हवी, एक स्वर इकडचा तिकडे नको. फेल्डर ती विसरला होता. त्याने मालिबूच्या घरी मोलकरणीला फोन केला, तिने कॅसेट शोधून टेपरेकॉर्डर रिसीव्हरजवळ धरला, आणि मायामीत ते फोनवरून उतरवून घेतलं. शेजारच्या खोलीत ब्लॅक सॅबथ रेकॉर्डिंग करत होते, त्यांचा आवाज भिंतीतून ईगल्सच्या टेपवर यायचा.

आपल्याकडच्या प्रत्येक कॉलेजच्या गॅदरिंगला हे गाणं होतं. त्यामुळे याबद्दल फार बोलायचं नाही असं ठरवलं आहे.

१० ऑगस्ट, रविवार

चौथी बैठक. ६० च्या वर माणसं. लेड झेपेलिन आणि ईगल्स. आधी ओंकारचे ड्रम स्टुडिओतले, मग तेच जिन्यातले, मग बॉनम. जिन्यातला टेक सुरू झाला तेव्हा सगळ्यांनी एकदम वर छताकडे पाहिलं.

हिशेब जमला : अँपचं भाडं, मुलांची पाकिटं, चहा. चाचांनी तंबोरा न्यायला नकार दिला, म्हणाले दिवाळीपर्यंत वाचनालयातच राहू द्या, कुणीतरी छेडत राहील. सगळ्या चाचण्यांच्या फाइली दोन डिस्कवर घेतल्या, एक वाचनालयाला दिली.

खुर्च्या आवरताना बाई थांबल्या होत्या. म्हणाल्या, "तो जिना कुठे आहे गं? मला एकदा तिथे षड्ज लावायचाय." त्यांना तीन मजले चढायचे नाहीत, खालीच उभं राहायचंय. घरमालकांना फोन केला. गुरुवारी सकाळी सहा वाजता. मोटर साडेसहाला सुरू होते.